आधी दिलेली नथ

पूर्णिमानं लाल मखमली डबी चौरंगाजवळ ठेवली आणि वैजयंतीचा विळीवरचा हात थांबला. अर्धं चिरलेलं गंगाफळ पात्यात तसंच अडकून राहिलं.

जावा जावा, उभा दावा, अशी म्हण आहे खरी, पण या दोघी तेवीस वर्षांत एकदाही भांडल्या नव्हत्या. भांडायलासुद्धा थोडी बरोबरी लागते. राजपुऱ्यातलं घर, सासू, केळीच्या बागेवरचे गडी, येणारा-जाणारा पाहुणा, हे सगळं थोरल्या वैजयंतीच्या वाट्याचं. धाकटी पूर्णिमा शाळेत बाई होती, सिंधीपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये राहत होती आणि सणाच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून यायची. आजही तशीच आली होती. श्रावणातला, नागपंचमीनंतरचा पहिला रविवार, म्हणजे घरात कानबाई बसायचा दिवस. इतर वर्षी पूर्णिमा पेढे आणायची. यंदा तिनं डबी आणली होती.

"हे काय?" वैजयंतीनं विचारलं. डबी सोनाराची आहे हे तिला दिसत होतं, तरी विचारलं.

"नथ आहे ताई. नवसाची. हे इंदूरला दवाखान्यात होते ना, तेव्हा बोलले होते मी. ते घरी आले तर कानबाईला सोन्याची नथ घालीन म्हणून. कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त आईंना माहीत होतं."

फक्त आईंना. वैजयंतीनं खुर्चीत बसलेल्या सासूकडे पाहिलं. मालूबाईंनी गुडघ्यावर चोळायचं तेल बाजूला ठेवून डबी हातात घेतली होती. चष्म्याच्या वर उचलून त्या मोती मोजत होत्या.

"सात हायेत," त्या म्हणाल्या. "आन वजनदार हाय. वैजू, पाह्य बरं."

वैजयंतीनं पाहिलं. तिच्या नथीला पाच मोती होते.

या घराची कानबाई म्हणजे एक नारळ. मालूबाईंच्या आजेसासूच्या वेळचा, वर्षभर तांब्याच्या डब्यात कापडात गुंडाळून ठेवलेला. आजच्या दिवशी त्याला चांदीचे डोळे लावायचे, नथ घालायची, साडी नेसवायची आणि चौरंगावर बसवायचं. उद्या सोमवारी डोक्यावर घेऊन राजघाटावर जायचं, तापीत बुडवायचं आणि परत घरी आणायचं. रीत अशी होती की ज्या सुनेची नथ कानबाईच्या नाकात, ती मानकरीण. नेसवायचा हात तिचा, नदीवर जाताना डोकंही तिचंच. एकोणीस वर्षं तो मान वैजयंतीकडे होता. तिनं आपली लग्नातली नथ देवीला दिली होती आणि त्याबद्दल अख्ख्या भाऊबंदकीत तिचं नाव होतं.

म्हणजे आता ते संपलं, वैजयंतीच्या मनात आलं. सात मोत्यांनी संपलं. एकोणीस वर्षं उपास आपण करायचे, चांदीचे डोळे रांगोळीनं घासून आपण चमकवायचे, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या बाईनं डबी उघडली की पाट सोडून उठायचं.

तिचा नवरा भूपेंद्र ओट्यावरून आत आला. केळीच्या खोडांनी चौरंगाला मखर करायचं काम त्याचं. त्यानं नथ पाहिली आणि त्याचा चेहरा एकदम फुलला.

"वा, पूर्णिमा. लय चांगलं केलं. आमचा योगू वाचला तो तिच्यामुळंच. देव तारी त्याले कोण मारी."

म्हण जुनी, हजार वेळा ऐकलेली. वैजयंतीनं मान खाली घालून विळीचं पातं दाबलं. ज्याला देव तारत नाही त्याच्याबद्दल या म्हणीत काही सांगितलेलं नाही, हे घरात फक्त तिच्या लक्षात आलं असावं.

*

पूर्णिमाचा नवरा योगेंद्र पुतण्याबरोबर झेंडू घेऊन आला तेव्हा मालूबाई नथ पदरानं पुसत होत्या. कॉलेजात फिजिक्स शिकवणारा हा माणूस दर वर्षी कानबाईला यायचा तो पुरणपोळीसाठी, असं तो स्वतःच सांगायचा. देव मानत नाही हेही सांगायचा. घरानं दोन्ही गोष्टी पचवल्या होत्या.

"कोणाची नथ?" त्यानं विचारलं.

"काकी की मन्नत है, काका," ललित म्हणाला. वैजयंतीचा हा बावीस वर्षांचा मुलगा अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचा. "तुमच्यासाठी. डेंगू झाला होता ना."

योगेंद्रनं बायकोकडे पाहिलं. ती नजर चुकवत होती, आणि तिची ती चुकवलेली नजर त्याला झोंबली. आठ दिवस तो आयसीयूच्या काचेआड पडून होता. पूर्णिमा रोज दहा मिनिटं आत यायची, रिपोर्टचे आकडे सांगायची, सगळं ठीक आहे म्हणायची. त्याला वाटायचं, ही आपल्यासारखीच डॉक्टरांवर भिस्त ठेवून आहे. आणि बाहेर जाऊन ती मनातलं सगळं दुसऱ्याच कोणाला सांगत होती. तो दुसरा कोणी एक नारळ निघावा, याचा राग जास्त होता की लाज, त्याला कळेना. पण पोटात जे दुखलं तो मत्सरच होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हसला असता."

"आयसीयूत होतो मी, पूर्णिमा. हसायची ताकद कुठे होती?"

"बरे झाल्यावर हसला असता."

हे खरं होतं, त्यामुळे तो जास्तच चिडला. "नथ परत करा," तो म्हणाला. "माझ्या नावानं काही घालायचं नाही. माझ्या प्लेटलेट्स नऊ हजारांवर आल्या होत्या. चार बाटल्या चढवल्या. त्यातल्या दोन ललितच्या दोस्तांनी दिल्या. नथ द्यायचीच असेल तर त्यांना द्या."

"उन्हें नथ का क्या करना, काका," ललित म्हणाला. कोणी हसलं नाही.

भूपेंद्रनं खोडाची सुतळी आवळून गाठ मारली. धाकट्या भावाशी वाद घालायला त्याला आवडायचं. दहावीनंतर शाळा सोडून त्यानं शेती धरली होती ती योगेंद्र शिकावा म्हणून. त्या शिक्षणाला वर्षातून एकदा हरवून दाखवावं असं त्याला वाटायचं, आणि ते तो स्वतःशीही कबूल करत नसे.

"बाटली डॉक्टरनं लावली, मान्य," तो म्हणाला. "लागू कोणी केली?"

"शरीरानं."

"शरीर कोणाचं?"

"माझं."

"तुझं असतं तर त्याले बिमार कशाले पडू दिलं असतं तू?"

मालूबाई खूश होऊन हसल्या. योगेंद्रही क्षणभर हसला, पण सोडेना.

"दादा, माझ्या वॉर्डात सात जण होते. सातही जणांच्या घरचे बाहेर बसले होते. एक बाई दिवसभर जप करायची. एक म्हातारा दर्ग्यातली चादर उशाला घेऊन बसला होता. सगळ्यांनी मागितलं. पाच जण घरी गेले आणि दोघं नाही गेले. त्या दोघांच्या घरच्यांनी काय कमी मागितलं?"

"तू मोजत बसतो, योगू. भरोसा मोजून नाही होत. मी केळीचा कंद लावतो तवा मले कोण लिहून देतं? अकरा महिने उभा राह्यतो. वादळ येतं न् एका घटकेत सारा बाग आडवा. तरी पुढल्या साली लावतोच ना? आता हे शहाणपण का येडेपणा?"

"शहाणपण. कारण दहातली आठ सालं घड येतो. तू पाहिलंय, बाबांनी पाहिलंय. दहातली आठ सालं कंद सडला असता तर तू कधीच कापसावर गेला असता. तू मोजतोस दादा, नीट मोजतोस. फक्त हिच्या बाबतीत मोजत नाहीस." त्यानं चौरंगाकडे बोट केलं. "चांगलं झालं की तिनं केलं, वाईट झालं की आपलं नशीब. असा धंदा मलाही जमेल."

"धंदा नाही तो. आई हाय ती."

"आई बाहेर बसलेल्या बाईला काय सांगते? तू माग, मग मी बघते?"

"मंग काय करायचं होतं तिनं?" भूपेंद्रचा आवाज चढला. "डॉक्टर तिले म्हणे, आता चोवीस घंटे पाहू. चोवीस घंटे! तुझं शास्त्र काय सांगतं, त्या चोवीस घंट्यात बायकोनं काय करावं?"

"चहा प्यावा. झोपावं."

"झोप येते?"

उत्तर नसलं की योगेंद्र हातात येईल ते हत्यार उचलायचा.

"बरं, आई आहे ती. मानलं. पन्नाशीला आलेला, तिला न मानणारा मी. मला तिनं वाचवलं. मग गोटूला का नाही वाचवलं?"

गोटू म्हणजे वैजयंतीचा थोरला. सहा वर्षांचा असताना तापानं गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. खंडव्याला नेत असताना असीरगडचा घाट यायच्या आधीच त्यानं योगेंद्रच्या मांडीवर मान टाकली होती. तेव्हापासून त्याचं नाव या घरात कोणी मोठ्यानं घेत नसे. योगेंद्रनं ते घेतलं, आणि तेही वादात वरचढ व्हायला घेतलं, हे त्याचं त्यालाच तोंडातून निघाल्यावर समजलं.

वैजयंती उठली. फोडींचं पातेलं उचलून ती मागच्या स्वयंपाकघरात गेली. तिची चाल नेहमीसारखीच होती.

"झालं समाधान?" भूपेंद्र म्हणाला.

योगेंद्र तिच्या मागे गेला.

*

पूर्णिमानं त्याला उठताना पाहिलं. तेवीस वर्षांत ती कितीदा रुसून आतल्या खोलीत गेली होती. हा माणूस कधी लगेच मागे आला नव्हता. वर्तमानपत्र संपवून यायचा. वहिनीच्या मागे मात्र लगेच गेला. आज दिवस आपला होता, आपण आठ दिवस दवाखान्यातल्या बाकावर बसून मिळवलेला, आणि तोही शेवटी वैजयंतीताईंचाच झाला, असं तिच्या मनात आलं. तिनं सासूच्या हातातली डबी घेतली आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. चोरून ऐकणं वाईट हे ती शाळेत मुलांना शिकवायची.

"चुकलो, वहिनी," आत योगेंद्र म्हणत होता. "ते नाव मी घ्यायला नको होतं."

"नाही भाऊजी. बरोबर बोलले तुम्ही." वैजयंतीचा आवाज शांत होता. "परत बोला."

"म्हणजे?"

"बाहेर चला. आईंच्या समोर, सगळ्यांच्या समोर बोला. जोरात बोला का कोणी कोणाले वाचवत नसतं न् कोणी कोणाले मारत नसतं. तुमच्या दादांना हरवा आज. तुम्ही हरलेले मले चालणार नाही."

पूर्णिमाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. या घरातली सगळ्यात कडक उपास करणारी बाई हे बोलत होती.

"वहिनी, तुम्ही? तुम्ही तर..."

"कानबाईच्या नाकात जी नथ हाय, ती कशी आली माहीत हाय तुम्हाले?"

"तुमच्या लग्नातली. श्रद्धेनं दिलीत. सगळ्यांना माहीत आहे."

"कोणालेच माहीत नाही." पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला. "गोटूले तिसरा दिवस ताप होता. डोळे फिरवून राह्यला होता. नवस कसा असतो? आधी बोलायचा, मंग वाट पाह्यची, लेकरू उठून बसलं का फेडायचा. माझ्याच्यानं वाट पाह्यली गेली नाही. मी नाकातली नथ काढली, डब्यातून नारळ काढला न् घालूनच टाकली. म्हटलं, घे, आधीच घे, पण याले उठव. दुपारी तुम्ही त्याले घेऊन खंडव्याले निघाले."

ओट्यावर पातेलं सरकवल्याचा आवाज आला.

"तेरावं झाल्यावर आईंनी डबा उघडला. नथ पाह्यली न् विचारलं. मी सांगितलं. त्या एवढंच म्हणे, नवस आधी कोण फेडतं वं, देवी अपमान मानते. बस. परत कधी बोलल्या नाही. त्यांना आता आठवतबी नसंल. पण मी एकोणीस वर्षं तेवढंच घेऊन बसले. लोक म्हणतात वैजयंती किती सेवा करते. मी सेवा नाही करत भाऊजी, मी माफी मागते."

"वहिनी..."

"थांबा. पूर्णिमानं रीतीनं केलं. बोलली, थांबली, तुम्ही आले, मंग नथ आणली. आता ती नथ देवीच्या नाकात बसली म्हणजे साऱ्या घरासमोर मांडल्यासारखं झालं, का हिनं बरोबर केलं न् मी चुकले. हिचा नवरा आला, माझं लेकरू गेलं. खोटं नाही बोलत. तुम्ही इंदूरहून आले, गाडीतून उतरले, मले बरं वाटलं. मंग पूर्णिमाचा चेहरा पाह्यला न् माझ्या पोटात आग पडली. इतकी का मी ओवाळायचं ताट दुसऱ्याच्या हाती दिलं."

दाराआड पूर्णिमाला तो दिवस आठवला. ताट ललितनं धरलं होतं आणि तिला ताईंचा राग आला होता, एवढाही मान द्यायचा नाही म्हणून. आता राग यायला हवा होता की दया, तिला ठरवता येईना. मनात जे आलं ते तिला आवडलं नाही. दुःखातसुद्धा ही बाई आपल्यापेक्षा मोठी निघाली, असं ते होतं.

"मेंदूचा ताप होता तो, वहिनी," योगेंद्र सावकाश म्हणाला. "मी तेव्हा डॉक्टरांना विचारलं होतं. नथ आधी घातली काय, नंतर घातली काय, किंवा घातलीच नसती तरी काय. तुमची काडीची चूक नव्हती. मीसुद्धा त्या दिवशी गाडीत हात जोडले होते. शेवटचे."

"म्हणजे तिनं राग नाही मानला?"

"राग मानायला तिथं कोणी नाहीच."

"कोणीच नाही?"

"नाही, वहिनी."

"मंग एकोणीस वर्षं मी कोणाशी बोलत होते?"

पूर्णिमानं फटीतून पाहिलं. तिचा नवरा ओट्याला टेकून उभा होता. आयुष्यभर त्याला हवं होतं की घरातलं एक तरी माणूस आपल्या बाजूनं यावं. ते आलं होतं, आणि त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"तुमचं शास्त्र असं हाय, भाऊजी," वैजयंती शेवटी म्हणाली. "पोटातली आग विझवतं, पण चूलबी विझवतं."

*

"मुहूर्त टळून राह्यला," मालूबाई बाहेरून ओरडल्या. "कोणाची नथ घालायची ते ठरवा, नाही तर मी आपली कुंकू लावून बसवते तिले."

सगळे चौरंगाभोवती जमले. ललितनं डब्यातून नारळ काढून पाटावर ठेवला होता. काळा पडलेला, दोन्ही डोळे चांदीचे, आणि शेंडीच्या खाली खोचलेली पाच मोत्यांची नथ.

योगेंद्रनं घसा साफ केला. "आई, दादा, ऐका. गोटूच्या वेळेला वहिनीची काही चूक झाली नव्हती. हे मला सांगायचंय. बाकी वाद राहू द्या."

"चूक? कोण म्हणतं चूक?" मालूबाई गोंधळल्या.

"तू म्हणाली होतीस."

"मी? मले नाही आठवत." त्यांनी वैजयंतीकडे पाहिलं. "म्हटलं असंल काही. म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं?"

"तेव्हा तुम्ही म्हाताऱ्या नव्हत्या, आई," वैजयंती म्हणाली.

भूपेंद्र एकदा बायकोकडे, एकदा भावाकडे पाहत होता. या दोघांत काही बोलणं झालंय आणि ते आपल्याला माहीत नाही, एवढं त्याला कळलं होतं. इतकी वर्षं जिच्याबरोबर बाग पाहिली, तिनं मनातलं सांगायला हा मास्तर निवडला. त्यानं हातातली सुतळी खाली टाकली.

पूर्णिमा पुढे झाली. "ताई, माझी नथ राहू द्या. मी ती कुठल्या तरी मंदिरात देईन. इथं तुमचीच शोभते."

ती चांगुलपणानं बोलली होती. वैजयंतीला त्यातली दया तेवढी ऐकू आली.

"ऐकत होती का दाराशी?"

पूर्णिमाची मान खाली गेली.

"मंग दया नको करू. बोललीस तर घालावीच लागंल." वैजयंती पाटाशी बसली. तिनं नारळ मांडीवर घेतला, एका हातानं शेंडी धरली आणि काथ्यात रुतलेली नथीची तार हळूहळू ओढून काढली. तारेला चिकटलेले धागे पदरानं पुसले. मग तिनं स्वतःच्या नाकातली चमकी काढली, आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी नथ आपल्या नाकात अडकवली. भोक लहान होतं, तार जाड. तिनं डोळे मिटून दाबली. रक्ताचा एक थेंब आला, तो तिनं बोटानं टिपला.

"वैजू," मालूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "देवाले दिलेलं परत घेत नसतात."

"दिलं कुठं होतं, आई? लेकरू दे म्हटलं होतं न् बदल्यात घे म्हटलं होतं. तिनं दिलं नाही. मंग माझी वस्तू माझ्याकडे."

"काहीबाही बोलू नको. तुले अजून एक लेकरू हाय." म्हातारीनं ललितकडे पाहिलं. भूपेंद्रनंही मुलाकडे पाहिलं. वैजयंतीनं मात्र तिकडे पाहिलं नाही. एकोणीस वर्षं ती त्याच भीतीनं देवीचे डोळे घासत आली होती, आणि आता एकदा त्याच्याकडे पाहिलं असतं तर नथ परत काढली असती.

ललित आईच्या शेजारी येऊन उकिडवा बसला. "पहन लो, मम्मी," तो म्हणाला. "मला काही होत नाही. और अच्छी दिखती है."

योगेंद्रला काहीतरी बोलावंसं वाटत होतं. त्याच्याजवळ देव नाही म्हणणाऱ्यांसाठी शब्द होते आणि आहे म्हणणाऱ्यांसाठीही होते. देवीला मांडीवर घेऊन तिच्याकडून आपली नथ परत घेणाऱ्या बाईसाठी त्याच्याकडे एकही नव्हता. अशा ठामपणानं त्यानं आजवर काहीच नाकारलं नव्हतं, आणि काही मानलंही नव्हतं. त्याला तिचा हेवा वाटला.

"ये पूर्णिमा," वैजयंतीनं पाटावरची जागा सोडली. "घाल तुझी. मी नारळ धरते."

पूर्णिमा पाटावर बसली. तार काथ्यात जाईना, तिचे हात घामेजले होते. चौथ्यांदा गेली. सात मोती चांदीच्या डोळ्यांखाली झुलले आणि भूपेंद्रनं सवयीनं देवीचं नाव घेतलं.

"ताई," पूर्णिमानं हळूच विचारलं, "तुम्ही आता तिला मानता की नाही?"

"मानायला काय झालं? भाऊजी म्हणतात कोणी नाही. अर्धा घंटा तसं राहून पाह्यलं मी, जमलं नाही. भांडायलेबी कोणी राह्यत नाही." वैजयंतीनं नारळाला साडीची पहिली निरी घालून दिली. "पण आता तिचं माझं घेणंदेणं नाही. तिनं माझं काही ठेवलं नाही, मी तिले काही मागत नाही. उद्या नदीवर तू घेऊन जाशील. मी मागून येईन. बरं वाटलं तर दोन शब्द बोलेन, नाही तर नाही बोलणार."

एवढं बोलून ती उठली. जाता जाता तिनं नाकाला हात लावून पाहिला आणि ती पोळ्या लाटायला आत गेली. थोड्या वेळानं आतून तिच्या गुणगुणण्याचा आवाज आला. या घरात इतकी वर्षं राहून मालूबाईंनी तो ऐकला नव्हता.

पूर्णिमाला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. मानाचा पाट, नेसवायचा हात, उद्याचा नदीचा रस्ता, बायकांच्या नजरा. तिनं देवीकडे पाहिलं. चांदीचे डोळे तिच्याकडेच पाहत होते. आता दर वर्षी पाहणार होते. तिनं मागितलं होतं, आणि तिला दिलं गेलं होतं. दिलेलं कधीही परत मागता येतं, ही गोष्ट तिला या क्षणापर्यंत सुचली नव्हती. आत पोळपाटावर लाटणं निवांत फिरत होतं आणि त्या आवाजाचा तिला इतका हेवा वाटला की डोळ्यात पाणी आलं.

भूपेंद्रनं निखाऱ्यावर धूप टाकला. धूर दाराकडे वळला आणि उंबऱ्यात उभ्या योगेंद्रला एक शिंक आली, साधी, धुराची.

पूर्णिमाचा हात झटकन चौरंगाकडे गेला. तिनं कपाळ टेकलं, आणि नवरा पाहतोय हे माहीत असूनही ते बराच वेळ उचललं नाही.